सत्तेचाळीस मिनिटांची शांतता

हॉलिन ब्रिज,
मंगळवार, १४ ऑक्टोबर

श्रीयुत रोलंड टॅटरसॉल, निवृत्त दंतवैद्य, स्कारबराच्या भाजीपाला-प्रदर्शनात कांद्यासाठी लागोपाठ तीन वर्षं पहिलं बक्षीस पटकावणारे, आणि नाइलाजाने का होईना पण आमचे मेव्हणे, यांना नेव्हिल अ‍ॅक्रॉइडचा आदरपूर्वक नमस्कार. 

पाकिटावरचं अक्षर ओळखून तुम्ही हे पत्र न फोडताच माझ्या बहिणीकडे, बेरिलकडे, सरकवलं असणार, आणि बेरिलने ते परत तुमच्याकडे सरकवलं असणार. म्हणून आधीच सांगून टाकतो, इकडे सगळं क्षेमकुशल आहे, कुणी आजारी नाही, आणि मला तुमच्याकडून काहीही नको आहे. तुमचा डावा गुडघा कसा आहे? बेरिल फोनवर म्हणाली की जिना चढताना वाजतो. (माझा उजवा वाजतो. आपण दोघं शेजारीशेजारी जिना चढलो तर ऐकण्यासारखं होईल.) कांदा या वर्षी साडेसहा किलोचा झाला हे ऐकून मनापासून आनंद झाला. एवढ्या कांद्याचं पुढे काय करतात, हे विचारायची फार इच्छा आहे, पण गेली बावीस वर्षं आपण नाताळच्या जेवणात 'बेरिल, यांना सांग ग्रेव्ही इकडे द्या' यापलीकडे एकमेकांशी बोललेलो नाही, तेव्हा एकदम कांद्यापर्यंत जाणं मला बरं वाटत नाही.

अँब्रोज गेल्याचं तुम्हाला कळलं असेलच. मला मॉरिस क्लेगचा फोन आला. मॉरिस अजून आपल्या चाहता-मंडळाचा चिटणीस आहे, अजून ऑर्गन वाजवतो, आणि अजून साधी गोष्ट साधेपणाने सांगू शकत नाही. "नेव्हिल, आधी खाली बस," म्हणाला. मी म्हटलं, "अरे, मी दुकानात आहे, वाटाण्याच्या डब्यांपुढे. कुठे बसू?" "मग कशाला तरी धर," म्हणाला. मी वाटाण्याचा एक डबा धरला. मग त्याने सांगितलं की अँब्रोज लम सकाळी चहा घेता घेता गेला, वय एकोणऐंशी, काही त्रास झाला नाही. मी तो डबा हातात धरून तिथेच रडलो. दुकानातली मुलगी आली आणि म्हणाली, "काका, वाटाण्याची किंमत वाढलीय खरी, पण दुसऱ्या कंपनीचे स्वस्त आहेत." तिला काय सांगणार? तेविसाव्या वर्षी बसच्या नोकरीला लागलो आणि चाळीस वर्षं बस चालवली, पण खरं सांगायचं तर मी पंधराव्या वर्षापासून एकच काम केलं, अँब्रोज ऐकणं. आणि ते तुमच्या शेजारी बसून सुरू केलं, हेही खरंच आहे, त्याला आता इलाज नाही.

(पुढचा परिच्छेद बेरिलसाठी आहे. ती हे मोठ्याने वाचत असणार, आणि अँब्रोजच्या 'पेपर कॅथीड्रल' या बँडची रेकॉर्ड लावली की ती पन्नास वर्षं खोलीबाहेर जात आली आहे, त्यामुळे तिला काही माहीत नाही. तुम्ही तेवढ्यात चहा ठेवा.)

तर बेरिलताई, अँब्रोजच्या आधी बेस गिटारवाला म्हणजे मागे अंधारात उभा राहून धुम् धुम् करणारा माणूस. लग्नाच्या फोटोत कडेला अर्धा कापला गेलेला चुलता असतो, तशी त्याची गत. अँब्रोजने बेस पुढे आणला आणि त्याला गायला लावलं. आज जगात जिथे कुठे प्रोग्रेसिव्ह रॉक वाजतं, तिथे कुणीतरी पोरगा अँब्रोजची बोटं उसनी घेऊन वाजवत असतो. आणि त्याचं सगळ्यात मोठं काम म्हणजे 'पाण्याखालचं गाव'. चोवीस मिनिटांची चीज, अकरा मात्रांची, आपल्या स्कारडेलच्या धरणात बुडालेल्या गावावर. मध्यावर पाणी चढत चढत देवळाच्या घंटेपर्यंत येतं आणि सगळी वाद्यं एकदम थांबतात. शांतता. मग पाण्याखालून घंटा वाजावी तसा बेसचा एकच खालचा स्वर येतो, आणि तो आला की ड्रमने सुरुवात करून सगळ्यांनी समेवर पडायचं. ती शांतता किती वेळ, हे कुठेही लिहिलेलं नाही. रेकॉर्डवर अकरा सेकंद आहे, पण समोर बसून ऐकताना अँब्रोज कधी नऊ सेकंद थांबायचा, कधी मिनिटभर. आणि एकोणीसशे सत्त्याहत्तर साली लीड्सला तो चार मिनिटं दहा सेकंद थांबला. त्या दिवशी तुझा नवरा आणि मी खांद्याला खांदा लावून उभे होतो. त्याने पहिली दोन मिनिटं श्वास रोखून धरला आणि मग हळूच खाली बसला, मला वाटलं भक्तीने, पण त्याला घेरी आली होती. त्या शांततेत टाळी वाजवणारा माणूस नवखा, आणि थांबणारा आपला, एवढं आमच्या पंथाचं शास्त्र आहे.

रोलंड, तुम्ही चहा घेऊन परत या.

अँब्रोजची आदरांजली सभा आपल्या मंडळाने करावी असं त्याच्या बायकोने, म्हणजे एनिडबाईंनी, स्वतः सांगितलं. झालं, समितीच्या तीन बैठका झाल्या. 'पाण्याखालचं गाव' वाजवायचं, यावर दुमत नव्हतं. ऑर्गनवर मॉरिस, गिटारवर त्याचा जावई, ड्रमवर मी. प्रश्न बेसचा. तुमच्यामागून आपल्या मंडळात दुसरा बेसवाला आलाच नाही. (तुमचं नाव कुणीतरी काढलं. मी खिडकीबाहेर बघत होतो. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.) शेवटी मॉरिस उभा राहिला, चष्मा पुसला, आणि त्याने ठराव मांडला की अँब्रोजचा स्वर वाजवण्याचा अधिकार या पृथ्वीतलावर दुसऱ्या कुणालाही नाही, सबब व्यासपीठावर मोकळी खुर्ची ठेवावी, तिच्यावर त्याचा बेस आणि पट्ट्यापट्ट्यांचा बिनबाह्यांचा स्वेटर ठेवावा, आणि तो स्वर कुणीही वाजवू नये. सगळ्यांचे डोळे भरून आले. अकरा विरुद्ध दोन मतांनी ठराव मंजूर झाला. त्या दोन मतांतलं एक माझं होतं असं सांगायला मला आवडलं असतं. मीही हात वर केला होता. एकापेक्षा एक शिकलेले तेरा लोक त्या खोलीत होते, त्यात एक निवृत्त गणिताचा मास्तर, आणि एकाच्याही डोक्यात हा विचार आला नाही की स्वर वाजणार नसेल तर शांतता संपणार कशी.

सभा १३ सप्टेंबरला, शनिवारी, चर्चच्या हॉलमध्ये झाली. दोनशे माणसं आली. बहुतेक सगळे आपल्या वयाचे, आणि बहुतेक सगळ्यांनी अँब्रोजसारखेच पट्ट्यांचे स्वेटर घातलेले, त्यामुळे हॉलमध्ये शिरताना एकाच शाळेचे विद्यार्थी पन्नास वर्षं नापास होत बसलेत असं वाटत होतं. ओसाकाहून फुलं आली होती. चिलीहून एक गृहस्थ स्वतः आला होता, तो तीन दिवस आपल्याकडच्या पावसात फिरला आणि म्हणाला की अँब्रोजचं संगीत असं का आहे ते आता त्याला कळलं. एनिडबाई पहिल्या रांगेत, मांडीवर विणकाम घेऊन. त्या कुठेही गेल्या तरी विणकाम बरोबर असतंच, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही. हॉलची व्यवस्था मिसेस पिकल्सकडे. त्यांनी आम्हाला तीनदा बजावलं होतं, "चार वाजता मला हॉल मोकळा हवा हं. चारला माझ्या काउबॉय नाचाच्या बायका येतात. मेलेल्या माणसाबद्दल मला आदर आहे, पण त्यांनी वर्गणी भरलीय."

तीन वाजता आम्ही वाजवायला सुरुवात केली आणि, बढाई नाही, बरं वाजलं. बेस नसल्यामुळे खाली जमीन नाही असं वाटत होतं, पण त्या दिवशी तसंच वाटायला हवं होतं. तीन वाजून तेरा मिनिटांनी पाणी घंटेपर्यंत आलं. आम्ही थांबलो. मी परंपरेप्रमाणे दोन्ही काठ्या खांद्याच्या वर धरल्या. शांतता. मोकळी खुर्ची. तो स्वेटर. मला कबूल करायला हवं की पहिल्या मिनिटाला माझ्या अंगावर काटा आला आणि मॉरिसबद्दल जे काही वाईट बोललो असेन ते सगळं मी मनातल्या मनात परत घेतलं. चार मिनिटं दहा सेकंद झाले तेव्हा मॉरिसच्या हातातल्या घड्याळावर टपकन अश्रू पडलेला मी पाहिला. लीड्सचा उच्चांक मोडला होता.

मग पाच मिनिटं झाली. मग दहा. दहाव्या मिनिटाला मी मॉरिसकडे बघितलं आणि मॉरिसने माझ्याकडे. त्याच्या चेहऱ्यावर मला हिशेब जुळताना दिसला. स्वर वाजल्याशिवाय कुणी सुरू करायचं नाही हा चीजेचा नियम, आणि स्वर कुणी वाजवायचा नाही हा मंडळाचा ठराव. त्याने ऑर्गनवरून हात उचलून मांडीवर ठेवले आणि डोळे मिटून घेतले. चिटणीसाने डोळे मिटले म्हटल्यावर सगळ्या हॉलने मिटले. पंधराव्या मिनिटाला कुणाच्या तरी कानातलं यंत्र शिट्टी वाजवायला लागलं. शेजाऱ्याने ते काढून घेऊन स्वतःच्या खिशात टाकलं, पुढचा अर्धा तास खिसा मंदपणे शिट्टी वाजवत होता. चिलीचा माणूस हुंदके देत होता. माझे हात वरच. विसाव्या मिनिटाला उजव्या हाताला मुंग्या आल्या, पंचविसाव्याला डावा हात माझाच आहे की मॉरिसच्या जावयाचा हे कळेनासं झालं.

तिसाव्या मिनिटाला मिसेस पिकल्सनी स्वयंपाकघराचं दार उघडलं. तोंड उघडलेलं होतं, काहीतरी चांगलं खणखणीत बोलायच्या तयारीत. दोनशे माणसं डोळे मिटून बसलेली पाहिली आणि त्यांनी तोंड मिटलं, एप्रन काढला, आणि चहाच्या मोठ्या भांड्याशेजारी हात जोडून उभ्या राहिल्या. चारला पाच कमी असताना काउबॉय नाचाच्या चौदा बायका आल्या, झालरीचे स्कर्ट, उंच बूट. त्यांनीही टोप्या काढून छातीशी धरल्या आणि भिंतीला टेकून डोळे मिटले. आमच्या चर्चचे मेथडिस्ट पंथाचे लोक शांततेला नाही म्हणत नाहीत.

आता तुम्ही म्हणाल, ड्रमवाल्याने एक ठोका मारला असता तर सगळे सुटले असते. हॉलमधल्या अर्ध्या लोकांचंही तेच मत होतं. एकेक डोळा किलकिला होऊन माझ्याकडे बघायला लागला होता, कारण स्वरानंतर पहिला ठोका माझा असतो. मॉरिसचा जावई तर ओठ न हलवता "मार ना, काका, मार" असं पुटपुटत होता. पण नाही मारला मी. मला तो मारणं शक्य नव्हतं. २००३ साली याच हॉलमध्ये, मंडळाच्या मेळाव्यात, खुद्द अँब्रोज तिसऱ्या रांगेत बसलेला असताना या शांततेचं काय झालं ते तुम्हाला माहीत आहे. (तुमचा स्वर आलाच नाही म्हणून मला सुरुवात करावी लागली, असं मी त्यावेळी म्हणालो होतो. मंडळाने ते मानलं, तुम्ही बेस पेटीत घालून निघून गेलात, आणि पुढे स्कारबराला जाऊन कांदे लावलेत. तो वाद मला इथे पुन्हा उकरायचा नाही.)

बरोबर चार वाजता एनिडबाई उठल्या. विणकाम पिशवीत घातलं, मागे वळून सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि म्हणाल्या, "चहा निवतोय." आणि स्वयंपाकघराकडे चालू लागल्या. मग एकेक जण उठला. टाळी कुणी वाजवली नाही, कारण चीज संपलेली नव्हती. मी हात खाली घेतले, म्हणजे मिसेस पिकल्सनी घेतले, एकेक करून, आणि हॅमचं सँडविच मला त्यांनीच भरवलं. काउबॉय बायकांनी चिलीच्या माणसाला नाचात ओढलं. तो छान नाचतो.

खरा घोळ त्यानंतर. सोमवारी मॉरिसचं परिपत्रक आलं. त्यात म्हटलं आहे की, स्वर न वाजल्याने शांतता तांत्रिकदृष्ट्या अजून सुरू आहे, आणि शांततेच्या काळात वाजवणं हा नियमभंग असल्यामुळे सभासदांनी पुढील सूचनेपर्यंत 'पेपर कॅथीड्रल'ची एकही रेकॉर्ड लावू नये. रोलंड, आज महिना झाला. लोक पाळताहेत! गणिताचे मास्तर संध्याकाळी रेकॉर्डचं पाकीट नुसतं हातात धरून बसतात. एकाच्या बायकोने मला रस्त्यात थांबवून विचारलं, "नेव्हिल, हे असं कायमचं राहणार आहे का? म्हणजे मी आशा ठेवू का?" मी स्वतः दोनदा रेकॉर्ड बाहेर काढली आणि परत ठेवली. घर इतकं शांत झालंय की फ्रिज बंद-चालू होतो तेव्हा दचकायला होतं. अँब्रोज मेला त्याचं दुःख आहेच, पण माणूस गेल्यावर त्याची गाणी ऐकून रडायचं असतं ना? आम्ही त्याची ती सोयही बंद करून टाकली.

गेल्या गुरुवारी सँडविचचा डबा परत द्यायला मी एनिडबाईंकडे गेलो. त्यांनी मला पार्किनच्या केकचा मोठा तुकडा दिला, समोर बसल्या, विणकाम हातात घेतलं आणि विचारलं, "नेव्हिल, त्या दिवशी तुम्हा कुणाला सुई दिसत नव्हती का रे?"

"कसली सुई?"

"ही. मी तीनदा वर केली."

मी केक खाली ठेवला. मग त्यांनी जे सांगितलं ते मी जसंच्या तसं लिहितो, आणि तुम्ही बसलेले नसाल तर वाटाण्याचा डबा धरा. अँब्रोजला मोजता येत नव्हतं. "अकरा मात्रा?" त्या म्हणाल्या, "त्याला अकरा अंडी धड मोजता यायची नाहीत. वाजवताना हात आपोआप जायचे, पण थांबलं की संपलं. कधी सुरू करायचं तेच कळेना. पहिल्याच कार्यक्रमात गोंधळ झाला, तेव्हा मी त्याला म्हटलं, अरे, मी पडद्याच्या कडेला विणत बसलेली असते. माझी ओळ पूर्ण झाली की सुई वर करीन, तेव्हा वाजव." आणि त्याने पन्नास वर्षं तेच केलं. ओळ लहान असली की नऊ सेकंद. स्वेटरची पाठ चालू असली की मिनिटभर. ते पट्ट्यांचे स्वेटरही तिथेच विणले गेले, त्या शांततेत, एकेक ओळ करून.

मी विचारलं, "आणि लीड्स? चार मिनिटं दहा सेकंद?"

"टाका निसटला होता," एनिडबाई म्हणाल्या. "सहा ओळी खालपर्यंत उसवत गेला मेला."

रोलंड, मॉरिसने त्या शांततेवर अडतीस पानांची पुस्तिका लिहिली आहे. दोनशे बारा कार्यक्रमांच्या वेळा, चंद्राच्या कला, धरणातल्या पाण्याची पातळी, सगळ्याचे तक्ते आहेत त्यात. मी हसायला लागलो तो थांबेना, आणि त्याही हसल्या, डोळे पुसत. मग म्हणाल्या, "पहिल्यांदा मी सवयीने सुई वर केली. दुसऱ्यांदा वाटलं, तुम्हा मंडळींचं लक्ष नाही. तिसऱ्यांदा वर केली तेव्हा ध्यानात आलं की बघणारा कुणी नाहीच." त्यानंतर आम्ही दोघं बराच वेळ काही बोललो नाही. ती शांतता मात्र खरोखर दुःखाची होती, आणि ती किटलीने मोडली.

तर असं सगळं आहे. विशेष काही नाही. तुमच्या गुडघ्याला लोकरीची पट्टी बांधत जा. बेरिलला प्रेम, कांद्याला शुभेच्छा. तुम्हाला सविस्तर कळवावं एवढाच या पत्राचा हेतू होता, मागणं काहीच नाही.

आपला मेव्हणा,
नेव्हिल

ता. क. सुईची गोष्ट कृपा करून मॉरिसला कळवू नये. एनिडबाई म्हणाल्या, "त्याला सांगू नकोस, तो जाईल, आणि मला इतक्यात दुसऱ्या सभेला यायचं नाही."

ता. क. २. तुमचा अ‍ॅम्प्लिफायर २००३ पासून माझ्या गॅरेजमध्ये आहे. दर वसंतात पुसतो. गेल्या आठवड्यात लावून पाहिला, चालतो. हे सहज कळवलं.

ता. क. ३. एनिडबाई रविवारी २ नोव्हेंबरला, दुपारी दोन वाजता, अँब्रोजच्या अस्थी स्कारडेलच्या धरणात सोडणार आहेत. जलखात्याची परवानगी मागितलेली नाही, त्यांचं म्हणणं आहे की खात्याने गाव बुडवताना तरी कुणाला विचारलं होतं? मॉरिसच्या कॅरव्हॅनच्या बॅटरीवर अ‍ॅम्प्लिफायर चालेल. ठराव रद्द झाला आहे. एनिडबाईंनी मॉरिसला "मला हवंय" एवढंच सांगितलं, बैठक सुद्धा लागली नाही. त्या धरणाच्या कठड्याशी विणत बसतील, आणि ओळ पूर्ण झाली की सुई वर करतील. तेव्हा कुणीतरी तो स्वर वाजवायला हवा, म्हणजे आम्ही उरलेली अकरा मिनिटं वाजवून त्याला पोचवू, आणि गणिताचे मास्तर घरी जाऊन रेकॉर्ड लावतील.

ता. क. ४. कोण वाजवेल, असं मी त्यांना विचारलं. म्हणाल्या, "तुमचा तो बेसवाला कुठे असतो? त्या मेळाव्यातला. मी दोनच बेसवाले पाहिले ज्यांना थांबता येतं. एक तिथे फडताळावर बरणीत आहे." मग माझ्याकडे चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "घाई करणारा ड्रमवाला तूच ना?" मी हो म्हणालो. "वाटलंच," म्हणाल्या, "अँब्रोज घरी येईपर्यंत हसत होता. म्हणाला, पोरगा मला बघून घाबरला."

ता. क. ५. तुझ्याकडे अजून वेळ होता, रोलंड. तुझं बोट तारेवर होतं, मी पाहिलं होतं. अँब्रोजने मान वर करून माझ्याकडे बघितलं आणि माझा हात सुटला. सगळे वळले तेव्हा मी तुझ्याकडे बोट दाखवलं. सेहेचाळीस वर्षांचा घोडा होतो मी, आणि शाळेतल्या पोरासारखं बोट दाखवलं. बावीस वर्षं दर नाताळात सांगेन म्हटलं, आणि दर नाताळात ग्रेव्ही मागितली. चुकलो रे. त्या दिवशी सत्तेचाळीस मिनिटं हात वर धरले ते भक्तीने नव्हे, तुझ्यामुळे. पुन्हा तुझ्या आधी वाजवणं मला जमलं नाही.

२ तारखेला ये. बेरिललाही आण, तिला पहिल्यांदाच पूर्ण ऐकावं लागेल, पण उघड्यावर आहे, खोली नाही, जाईल कुठे? मी ड्रम आणणार आहे. काठ्या मात्र आल्या आल्या तिच्या हातात देऊन ठेवीन. तुझा स्वर ऐकला की मगच तिने त्या मला द्याव्यात.